मनाला डॉक्टर नको का?

एटीकेटी लागली की आपण क्लास लावतो, गाडीचा आवाज बदलला की त्याच दिवशी मेस्त्रीला दाखवतो. पण महिनाभर झोप नाही, मेसचं जेवण जात नाही, सबमिशन म्हटलं की छातीत धडधडतं, तेव्हा? 'टेन्शन घेऊ नको भावा' एवढं ऐकायचं आणि रंकाळ्यावर चक्कर मारून यायचं!

समुपदेशकाकडे का जात नाही असं होस्टेलवर विचारलं की तीन उत्तरं ठरलेली. 'मी काय येडा हाय?' 'घरी कळलं तर?' 'कॅम्पसच्या वेळी कंपनीला कळलं तर?'

तालमीत खांदा दुखावलेला पैलवान वस्तादांना सांगतो. त्याला कुणी दुबळा म्हणतं का? आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाणं हा आपला हक्क आहे. जिवाला धोका असे मोजकेच अपवाद. मग घरी किंवा कंपनीला कळणार कुठून?

हा विषय चेष्टेचा नाही. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रात.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक पात्र समुपदेशक हवा असं सांगितलं. पण नुसती नेमणूक पुरणार नाही. ती खोली स्टाफरूमसमोर असेल तर कोण जाईल? सरांनाही नम्र विनंती, अटेंडन्स कमी म्हणून शिक्षेसारखं तिकडे पाठवू नका. आणि जो जाऊन येतो त्याला आपण 'पेशंट' म्हणून चिडवायचं बंद करूया. दरवाजा कॉलेज उघडेल, पण वाट आपणच अडवतो!

अडचण भाषेचीही आहे. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना 'डिप्रेशन' शब्द येतो, पण आईला मराठीत काय सांगायचं ते सुचत नाही. 'मला बरं वाटत नाही, मनातून' एवढं म्हटलं तरी पुरे. टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं, तेही फुकट, दिवसरात्र.

शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. खेड्यातल्या मुलाला राहायला जागाच नसेल तर तो शिकणार कसा? आज आपल्या डोक्यावर छप्पर आहे. त्याखाली शेजारच्या कॉटवर कोण जागा आहे, एवढं तरी विचारूया.