वेळ पाहा, मैदानही पाहा

पालकहो, नांदेड-लातूरची आपली लेकरे उन्हावाऱ्यात धावतात. छताखाली ना ऊन, ना वारा; मग तेथे वेळ कमीच लागेल, असे वाटते. लांब पल्ल्याला ऊन दमवते, हे खरे. पण उघड्यावरची धावपट्टी ४०० मीटरची, छताखालची २०० मीटरची. ४०० मीटरच्या शर्यतीत बाहेर दोन वळणे, आत चार, तीही आखूड. ती बाहेरच्या कडेने उंच बांधलेली असली तरी वेग तुटतोच. उलट, मैदानावर पाठीमागून वारा सेकंदाला २ मीटरहून जास्त असला, तर १०० मीटरचा विक्रम धरत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२४ साली पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तो ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये. पाण्याच्या खड्ड्याची ही शर्यत छताखालच्या जागतिक स्पर्धेत नसतेच! तेव्हा लेकराला ‘मागे पडलास’ म्हणण्याआधी विचारा, ‘कोठे धावलास?’