जाहिरातीबाहेरची रोजी

निकालाचे दिवस आले की शाळेत भेटणारे पालक एकच वाक्य बोलतात, "टीचर, कुठे जागा निघाली तर कळवा." या वाक्यातल्या 'निघाली' या शब्दाबद्दल आज आम्हाला थोडे बोलायचे आहे. जागा निघाली म्हणजे पेपरात जाहिरात आली, असे आपण धरून चालतो आणि ती येईपर्यंत मुलगा घरी बसतो. पण अंबडच्या एखाद्या लहान कारखान्यात टर्नर काम सोडून गेला तर मालक जाहिरात देत नाही. तो फोरमनला म्हणतो, "कोणी ओळखीचा आहे का बघ." फोरमन दोन फोन करतो आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर नवा माणूस उभा असतो. ही जागा कधी निघालीच नाही आणि तरी ती भरली गेली. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, शोरूममधला हिशेबनीस, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला कारकून, अशा कितीतरी जागा याच रीतीने भरतात.

मग आपल्या मुलांपर्यंत हा निरोप का पोहोचत नाही? मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. ही ओळख कोणाची, हे त्याने पुढे विचारले, तेव्हा सहापैकी पाच जणांनी सांगितले की निरोप देणारा माणूस रोजच्या भेटीतला नव्हता, तो अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा होता. कारण सोपे आहे. जवळच्या माणसाला तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या जगात वावरतो आणि तिथली बातमी आणतो.

आता आपल्या घरांकडे पाहू. कोकणीपुरा असो, चौक मंडई असो की वडाळा गाव, मामू, खालू आणि चचाजान यांना ठाऊक असलेली गॅरेजे आणि दुकाने तीच ती. त्यांचा जिव्हाळा खरा आहे, पण सातपूरच्या कारखान्यात काय चालले आहे ते त्यांनाही दिसत नाही. सातपूर औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकात सुरू झाली. तेव्हापासून शहराची रोजी बरीचशी त्या बाजूला सरकली, आपली ऊठबस मात्र जुन्या नाशकातच राहिली. म्हणून पहिली वेगळी वाट ही, की नातेवाइकांना विचारून झाले असेल तर आता नात्याबाहेर विचारा. जुना वर्गमित्र, अब्बांच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी, बँकेत भेटणारे काका, आयटीआयचे निवृत्त निदेशक, सोसायटीत वायरिंग करून घेतलेले साहेब, हे सगळे कामाचे आहेत.

विचारायचे कसे, हेही शिकावे लागते. "जागा आहे का?" या प्रश्नाला एका शब्दात 'नाही' म्हणता येते आणि तिथेच बोलणे संपते. त्याऐवजी, "तुमच्याकडे या कामाला माणूस घेताना काय पाहतात, मी काय शिकून यावे?" असे विचारले तर समोरचा दहा मिनिटे बोलतो. त्या दहा मिनिटांत तो आपला चेहरा, बोलणे आणि तयारी पाहतो. महिन्याने जागा झाली की त्याला हाच मुलगा आठवतो. निघताना आणखी एक विचारावे, "याबद्दल मी अजून कोणाला भेटू?" एका भेटीतून दुसरी भेट निघते.

आता एक कडू गोष्ट. पालक ती आमच्याशी दबक्या आवाजात बोलतात, आपण मोकळेपणाने बोलू. "नाव पाहूनच अर्ज बाजूला ठेवतात," असे मुले म्हणतात. हा सगळाच मनाचा खेळ नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. त्यांचा लेख २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदू उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश होती. दलित नावाच्या अर्जाला ती सुमारे दोन तृतीयांश होती.

यावर काही मुले अर्जात नाव अर्धवट लिहितात, आडनाव गाळतात. आम्ही त्यांना तसे करू देत नाही. आईवडिलांनी ठेवलेले नाव लपवून मिळवलेल्या खुर्चीवर माणूस सैल बसू शकत नाही, आणि आधारकार्ड दाखवायची वेळ येतेच. पण या अभ्यासातून एक व्यवहाराची गोष्ट घ्यावी. जिथे फक्त कागद जातो तिथे नाव आधी वाचले जाते. जिथे आपले काम आधी पोहोचते, तिथे नाव नंतर येते. म्हणून नुसत्या कागदावर विसंबू नये.

हजरत मूसा (अ.) यांचा मदयनचा किस्सा घरोघरी माहीत आहे. परक्या मुलखात, ओळख ना पाळख. विहिरीवर दोन मुली आपली जनावरे घेऊन मागे थांबलेल्या दिसल्या. त्यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजून दिले, सावलीत जाऊन बसले आणि अल्लाहपाशी हात पसरले. नंतर बोलावणे आले. त्या घरातल्या मुलीनेच वडिलांना सुचवले की यांना कामावर ठेवा, आणि कारण दिले की चांगला कामगार तोच जो ताकदवान आणि विश्वासू असतो. सूरह कससमध्ये हा प्रसंग आहे. हात आधी कामाला लागले, दुआ त्यासोबत झाली, आणि शिफारस केली ती काम पाहिलेल्या व्यक्तीने.

हाच धडा आजच्या कामांना लावता येतो. वेल्डिंग करणाऱ्या मुलाने आपल्या दहा कामांचे फोटो मोबाइलमध्ये एका फोल्डरमध्ये नीट ठेवावेत, कोणते काम किती दिवसांत केले ते खाली लिहावे. शिवणकाम करणाऱ्या मुलीने तीन नमुने पिशवीत घेऊन बुटीकमध्ये जावे. हिशेब शिकलेल्याने एखाद्या किराणा दुकानाचे महिन्याचे खाते टॅलीवर मांडून दाखवावे. "दोन दिवस माझे काम पाहा, मग ठरवा," असे म्हणण्यात कमीपणा नाही. मात्र दोन दिवस म्हणजे दोनच दिवस. त्यापुढे फुकट राबवून घेणाऱ्याला नम्रपणे सलाम करून निघावे. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. ती मालकाला लागू आहे, तशी आपला हक्क ओळखणाऱ्या कामगारालाही उपयोगाची आहे.

दुसरी वाट कायद्याने उघडलेली आहे, पण आपल्या वस्तीत तिची चर्चा कमी. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्याच्या आजच्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात, आणि त्यांना विद्यावेतन द्यायचे असते. म्हणजे कारखान्याच्या दारात जाऊन "नोकरी आहे का?" विचारण्यापेक्षा "अप्रेंटिसच्या जागा कधी भरता?" हे विचारणे जास्त फळ देते. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर मुलाची नोंदणी करून ठेवावी. ओझरच्या एचएएलसारख्या मोठ्या कारखान्यातही आयटीआय झालेल्या मुलांना शिकाऊ म्हणून घेतात. विद्यावेतन थोडे असते, कबूल. पण वर्षभर आत राहिलेल्या मुलाचे काम पाहिलेली दहा माणसे तयार होतात. ही पुढच्या नोकरीची खरी भिशी समजा.

तिसरी वाट हाताच्या हुनरीची. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात म्हटले आहे की मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत, तर हिंदू कामकऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के आहे. आपल्या घरात मेकॅनिक, प्लंबर, शिंपी, सुतार, फर्निचर कारागीर भरपूर, आणि उस्तादाच्या हाताखाली शिकल्यामुळे प्रमाणपत्र मात्र नाही. मोठी कंपनी कागद मागते आणि तिथे दहा वर्षांचा अनुभव दारातच अडतो. यासाठी सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची सोय ठेवली आहे. चाचणी देऊन आपल्या हुनरीचे प्रमाणपत्र मिळवता येते. सध्या आपल्या कामाची चाचणी कोठे चालू आहे याची चौकशी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात करावी. जे हात शिकले आहेत त्याची साक्ष कागदावर आणायला संकोच कशाला?

मुलींबद्दल वेगळे लिहावे लागते. अम्मींची काळजी खोटी नसते, पण काळजीपोटी डिग्री ट्रंकेत ठेवणे हा तिच्यावर उपाय नाही. हजरत खदीजा (र.) स्वतः व्यापार करत होत्या आणि विश्वासू माणूस निवडून कामावर पाठवत होत्या, हे मुलींना सांगताना आपण थांबतो का? आम्ही सुचवतो ते एवढेच. नोकरी ठरवण्याआधी आईने किंवा मोठ्या बहिणीने ती जागा एकदा पाहून यावी. तिथे आधीपासून किती स्त्रिया आहेत, सुटण्याची वेळ काय, बस कुठे मिळते हे पाहावे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायला हवी, तिच्याबद्दल विचारावे. शक्य असेल तर दोन मैत्रिणींनी एकाच ठिकाणी, एकाच पाळीत काम पाहावे. चौकशी करून दिलेला होकार पुढे टिकतो.

हलालची मर्यादा पाळूनही नाशकात वाटा कमी नाहीत. हा जिल्हा वाइनरींसाठी ओळखला जातो आणि त्या दारात आपली मुले जात नाहीत, हे योग्यच. पण दिंडोरी आणि निफाडची खायची द्राक्षे परदेशी जातात. त्यांच्यामागे पॅकहाउस, शीतगृह, वाहतूक, प्रतवारी आणि निर्यातीची कागदपत्रे एवढे काम असते. लासलगावच्या कांद्यामागेही तसेच. शेतमालाच्या या साखळीत हिशेब, इंग्रजी आणि संगणक जाणणाऱ्या मुलाला काम असते. आपण तिकडे पाहतच नाही, कारण आपल्यातले कोणी तिथे नाही. कोणीतरी पहिले जावे लागते.

फसवणुकीपासूनही जपावे. नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस नोकरी देत नसतो. आखाती देशात पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते, आणि नियमाने त्याला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढेच घेता येते. अम्मीचे दागिने मोडण्याआधी हे पाहावे. खोटे अनुभवपत्र विकत घेण्याचा सल्ला देणारेही भेटतात. मदयनच्या त्या मुलीने सांगितलेल्या दोन गुणांपैकी दुसरा गुण तिथेच संपतो.

एक विनंती मशिदीच्या विश्वस्तांना आणि आपल्यातल्या कारखानदारांना. मशिदीच्या फलकावर वेळापत्रक आणि चंद्याचा हिशेब असतो, तिथेच एक कागद रोजीचाही लावावा. कोणाकडे काय काम आहे, कोणाला काय येते. तोच कागद शाळेच्या पालकसभेत आणि बहिणींच्या इज्तेमात वाचावा, म्हणजे तो मुलींपर्यंतही पोहोचेल. आणि ज्याला चांगली जागा मिळाली आहे त्याने आपल्यामागे दार लोटून घेऊ नये. खाली उभ्या असलेल्या एकाचा फोन नंबर फोरमनला द्यावा, पण तोही काम पाहूनच द्यावा, म्हणजे पुढच्या शिफारशीला किंमत राहील.

काम शोधणाऱ्या मुलामुलींनी येत्या जुम्म्यापर्यंत वहीत दहा नावे लिहावीत. नातेवाईक नकोत, मोहल्ल्यातले नकोत. त्यातल्या तिघांना पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटावे. जाताना कामाचा नमुना जवळ असावा, कपडे धुतलेले असावेत आणि वेळ दिलेली असेल त्याच्या पाच मिनिटे आधी पोहोचावे. रिज्क देणारा अल्लाह आहे. त्या दारापर्यंत चालत जाणे मात्र आपल्याकडे आहे.