शील मोडले म्हणून लपू नका

१९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. ज्याच्याकडून ती मोडते, तो लाजेने तोंड लपवितो आणि पुन्हा दारूकडेच वळतो. त्याला दूषणे देऊ नका. व्यसनमुक्ती केंद्रात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या जवळच्या सभेचा पत्ता विचारा व दारापर्यंत त्याच्यासोबत जा. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेत शुल्क नाही, नाव गुप्त राहते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. तेथे ईश्वराचा उल्लेख कानी आला तरी परत फिरू नका. तो मानण्याची सक्ती नाही. पडलेल्याला सावरतात ती माणसेच. प्रतिज्ञा एकदाच घेतली जाते. पाळावी मात्र रोज लागते.