कर्बवायुयुक्त स्नान: रक्ताभिसरणाचा पुरावा आणि वेदनेचा दावा

कार्बन डायऑक्साइड (कर्बवायू) विरघळलेल्या खनिज पाण्यातील स्नानाने त्वचेतील रक्ताभिसरण वाढते, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. वाद आहे तो या वाढीवरून वेदनाशमनाचा जो निष्कर्ष सर्रास काढला जातो त्याविषयी; आणि हे दोन प्रश्न भौतिकोपचारतज्ज्ञांनी वेगळे ठेवले नाहीत, तर एका उपयुक्त उपचाराची विश्वासार्हता त्यांच्याच हातून घटेल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना दिसते. सुमारे ३३ अंश सेल्सिअसच्या अशा पाण्यात पाय गुडघ्याखालपर्यंत बुडवला, की त्वचेवर बारीक बुडबुडे चिकटतात, काही मिनिटांत बुडालेला भाग लालसर होतो, आणि पाय बाहेर काढल्यावर पाण्याच्या पातळीशी ही लाली रेघ आखावी तशी थांबलेली असते. मेदात सहज विरघळणारा हा वायू त्वचेतून आत झिरपतो, तेथील सूक्ष्म रोहिण्यांच्या भित्तिकांमधील स्नायू सैल करतो आणि रक्ताला वाट मोकळी करून देतो. शिवाय ऊतींमधील कर्बवायू व आम्लता वाढली की हिमोग्लोबिन आपल्याजवळचा प्राणवायू अधिक सहजपणे सोडते. १९०४ मध्ये ख्रिस्तियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेला हा परिणाम ‘बोर परिणाम’ म्हणून ओळखला जातो.

येथे तापमानाचा मुद्दा निर्णायक ठरतो. आपल्याकडे शेक म्हटला की पाणी कढतच हवे, अशी रुग्णाची आणि पुष्कळदा उपचारकाचीही समजूत असते. परंतु वायूची विद्राव्यता तापमानाबरोबर घटत जाते. वातावरणाइतक्या दाबाखालील शुद्ध कर्बवायू २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे १.७ ग्रॅम विरघळतो, तर ४० अंशांना जेमतेम एक ग्रॅम. उपचारासाठी लिटरमागे सुमारे १००० मिलिग्रॅम हे प्रमाण मानले जात असल्याने पाणी जास्त तापवणे म्हणजे औषधच हवेत सोडून देणे होय. कर्बवायू त्वचेतील उष्णतासंवेदी ग्राहकांना उत्तेजित करतो, त्यामुळे कोमट पाणीही उबदार भासते आणि उष्णतेने हृदयावर पडणारा जादा ताण टळतो. जर्मनीतील बाड नाउहाइम येथे एकोणिसाव्या शतकात हृदयरोग्यांसाठी अशी स्नाने रूढ झाली. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे गरम आहेत, एवढ्यावरून तेथील स्नानाला कर्बवायूचे गुण चिकटवणे मात्र चुकीचे आहे.

वेदनेचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. रोहिण्या अरुंद झाल्याने चालताना पोटरीत गोळे येतात, तेव्हा वेदनेचे मूळ रक्तपुरवठ्यातच असल्याने उपचारामागचा तर्क सुसंगत ठरतो. तरीही त्वचेतील वाढलेला प्रवाह म्हणजे खोल स्नायूंतील वाढलेला प्रवाह नव्हे. सांधेदुखीत तर तुलनाच अवघड होते, कारण बुडबुडे आणि ऊब यांवरून आपण कोणत्या पाण्यात बसलो आहोत हे रुग्णाला कळते. संधिवाताच्या ६० रुग्णांवर जर्मनीत झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ही अडचण अशी सोडवली गेली, की दोन्ही गटांना कर्बवायूचेच स्नान दिले आणि एका गटाच्या पाण्यात रेडॉनही होता. उपचार संपताना दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते, सहा महिन्यांनी रेडॉनचा गट पुढे होता. ही चाचणी कर्बवायूच्या बाजूने पुरावा म्हणून मांडणे अयोग्य आहे. दोन्ही गटांना तो मिळालेला असल्याने त्याचा स्वतःचा वाटा तीतून निघूच शकत नाही.

सुरक्षेबाबत तडजोड नको. हवेच्या सुमारे दीडपट जड असलेला हा वायू पाण्याच्या पृष्ठभागावर साचतो, म्हणून रुग्णाचे तोंड पाण्यापासून पुरेसे वर असावे, खोलीत खालच्या पातळीवरून हवा बाहेर काढण्याची सोय असावी आणि रुग्णाला एकटे सोडू नये. उघडी किंवा चिघळलेली जखम, अनियंत्रित हृदयविकार, तसेच मधुमेहाने संवेदना हरपलेले पाय असल्यास वैद्यकीय तपासणीपूर्वी टब भरूच नये.

या मासिकाची वाचकांना विनंती एवढीच आहे, की प्रत्येक स्नानाच्या नोंदीत पाण्याचे तापमान, कर्बवायूचे प्रमाण आणि कालावधी लिहावा, घोट्याजवळचा रक्तदाब व न थांबता चालता येणारे अंतर उपचारापूर्वी आणि नंतर मोजावे, आणि वेदनेची नोंद या मोजमापांत न मिसळता स्वतंत्र रकान्यात करावी.