‘खाण तशी माती’ : एक खोटा निकाल



तुमचे मूल परीक्षेत मागे पडले, वर्गात गप्प बसले किंवा चारचौघांत बोलताना अडखळले की एक वाक्य हमखास कानी येते : “खाण तशी माती.” कधी ते गावातील प्रतिष्ठित म्हणतात, कधी मास्तर. पण फार वाईट वाटते ते हेच वाक्य आपल्याच घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकताना. “आपल्या रक्तातच विद्या नाही,” असे म्हणून बाप मुलाची शाळा सोडवतो आणि त्याला मजुरीला धाडतो. वकिलीच्या भाषेत सांगायचे तर हा पुराव्याशिवाय दिलेला निकाल आहे. आरोपीला बोलू न देता दिलेला हा निकाल पिढ्यान् पिढ्या जन्मठेप भोगायला लावतो. म्हणून त्याचा पुरावा एकदा तपासून पाहू.

पुरावा शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८४० साली विवाह होऊन त्या जोतीराव फुल्यांच्या घरी पुण्यास गेल्या. तोवर त्यांना अक्षरओळख नव्हती. पुण्यात त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १८४८ पासून मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठीही त्या उभयतांनी शाळा चालविल्या.

१८५६ साली आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी येऊन राहिल्या. तेथून ऑक्टोबर महिन्यात त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. महार-मांगांसाठी काम करून तुम्ही पतीपत्नी पतित झालात, जातिरूढीप्रमाणे वागावे, असे त्यांच्या सख्ख्या भावाने त्यांना सुनावले. शेळी-गाय कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नाग धरून त्याला दूध पाजतोस, मग महार-मांग ही माणसे असून त्यांचा विटाळ कसा मानतोस, असा बाईंनी त्याला उलट प्रश्न केला. अखेर भावाला आपल्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला, असेही त्या पत्रात नमूद आहे.

या प्रसंगाचा नीट विचार करा. आई एक, बाप एक, रक्त एक. ज्या अंगणात बहीण खेळली त्याच अंगणात भाऊ वाढला. फरक होता तो मधल्या सोळा वर्षांचा. भावाभोवती जातीचा धाक होता व रूढीचे पाठांतर होते. बहिणीभोवती पुस्तक, शाळा आणि प्रश्न विचारू देणारा सहचर होता. एकाच खाणीतून दोन प्रकारची माती निघाली! मग खाणीचा सिद्धान्त टिकतो कोठे? आणि भावाचे मनही पालटले, त्याअर्थी मोठ्या माणसाचेही वळण कायमचे नसते. नव्या विचारांचा सहवास लाभला की ते बदलू शकते.

शरीराच्या वाढीचा दाखलाही हेच सांगतो. हॉलंडमधील तरुणांची सरासरी उंची एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुमारे १६५ सेंटिमीटर होती; आज ती सुमारे १८३ आहे. इतक्या थोड्या पिढ्यांत एखाद्या समाजाचे रक्त बदलत नसते. बदलले ते अन्न, स्वच्छ पाणी, घर आणि औषधोपचार. जे हाडामांसाचे, तेच बुद्धीचे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. उच्च समजल्या जाणाऱ्या जातींची ३२१ आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची ३२१ शाळकरी मुले घेऊन त्यांना वाट शोधण्याची कोडी सोडवावयास दिली. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दोन्ही गटांत तफावत आढळली नाही. सर्वांसमक्ष जात पुकारली, तेव्हा मात्र तफावत निर्माण झाली. कोडी त्याच प्रकारची होती. बदलले होते ते खोलीतील वातावरण, आणि तेही एका शब्दाने! ज्या मुलाला जन्मापासून तो एक शब्द रोज ऐकावा लागतो त्याच्या मनाचे काय होत असेल?

हे न्यायालयांनीही ओळखले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ब्राऊन खटल्यात काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, त्याचे एक कारण हेच होते. केवळ वर्णावरून मुलांना वेगळे बसविले की त्यांच्या मनात न्यूनगंड रुजतो आणि तो शिक्षणाच्या आड येतो, असे न्यायमूर्तींनी मानले.

येथे कोणी विचारील, परिस्थितीच सर्व घडवते, तर बाबासाहेब कसे घडले? प्रश्न रास्त आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. बसायला स्वतःचे गोणपाट. पाण्यासाठी शिपायाने नळ सोडण्याची वाट पाहायची. शाळेची परिस्थिती ही अशी होती. परंतु घरची परिस्थिती निराळी होती. सुभेदार रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. घरात वाचन होते, अभ्यासाची शिस्त होती, पुस्तकासाठी पैसा उभा करण्याची जिद्द होती. गावाने जे नाकारले ते घराने दिले. म्हणजे बाबासाहेबांचे चरित्र आमच्या म्हणण्यास छेद देत नाही. उलट सारे गाव बदलता येत नसेल तेव्हा कोठून आरंभ करावा, ते दाखवून देते.

त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले आणि निरनिराळ्या जातींची मुले एकत्र ठेवली. एकत्र राहणे, एकत्र जेवणे, एकत्र राबणे यांतून त्या मुलांचे वळण पालटले. शिवाशिव जर रक्तात असती तर ती एका पंगतीने कशी गेली असती?

आता आपल्याविषयी थोडे स्पष्ट बोलू. धम्मदीक्षेने तुम्ही मनावरचे जुने जोखड उतरविले. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच वस्तीत, त्याच नावाच्या पाटीखाली जागे झालात. भिंतीवर बुद्धाची प्रतिमा लागली, पण मुलाला अभ्यासास कोपरा मिळाला काय? सायंकाळी घरात वंदना होते की दारूच्या शिव्या? मुलगी सातवीनंतर घरी बसते काय? मंगलसुत्तात योग्य ठिकाणी वास करणे आणि मूर्खांची संगत टाळणे यांची गणना मंगलांत केली आहे. भोवतालचे महत्त्व भगवंतांनी असे आधीच सांगून ठेवले आहे. आणखी एक कडू गोष्ट. शेजारच्या मातंग किंवा चर्मकार कुटुंबाच्या मुलाला आपल्या अंगणात आपण कसे वागवितो? जो भोवताल आपल्याला जाळत होता तोच आपण दुसऱ्याच्या मुलासाठी निर्माण केला, तर धर्मांतर झाले कोणाचे?

कायदा हाही परिस्थितीचाच भाग आहे. १८६८ साली सावित्रीबाईंनी नायगावहूनच दुसरे एक पत्र लिहिले. एक ब्राह्मण तरुण व एक महार मुलगी यांना प्रेमसंबंधावरून गावकरी जिवे मारावयास निघाले असता, बाईंनी कायद्याची जरब दाखवून त्यांना वाचविले, अशी हकीकत त्यात आहे. आज तर कायदा आपल्या हाती आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातींचे संरक्षण लागू आहे. म्हणून सवलत जाईल या भीतीने धर्म लपविण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मुलाला मारणे वा मानसिक छळणे गुन्ह्यासारखेच गैर असून त्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, त्यांत दुर्बल घटकांचे पालकही असावेत, असे तोच कायदा सांगतो. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तुमच्या वस्तीची पाटी बदलली नसेल, तर येत्या ग्रामसभेत उठून ती मागणी करा.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. घरात दोन तास शांततेचे राखा. त्या वेळात मोठ्यांनीही वाचावे. येत नसेल त्याने मुलाकडून वाचून घ्यावे. विहार केवळ जयंतीपुरते उघडू नका, रोज सायंकाळी तेथे अभ्यासिका चालवा आणि तिचे दार कोणत्याही जातीच्या मुलाला बंद ठेवू नका. शाळेच्या समितीत बसा, मुले कशी बसविली जातात, पाणी व जेवण कसे वाढले जाते, ते स्वतः पाहा. आणि मुलाच्या रक्ताला दोष देणारे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका.

नायगावच्या मातीतून कोण घडले ते आपण पाहिले. तुमच्या दारची माती त्याहून हलकी नाही. तिला पाणी घालण्याचे काम मात्र दुसरा कोणी करणार नाही. ते तुमचेच आहे, आणि आजचेच आहे.