ऑप्शन फॉर्मवर एक रकाना वाढवा

मा. आयुक्त,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,


सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. इंजिनीअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की आमच्या स्टाफरूमचा नूर पालटतो. मुलं येतात, सोबत वडील, कधी चुलते, कधी पुण्यात कंपनीत लागलेला मामेभाऊ. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "मॅडम, कुठलं कॉलेज वर टाकायचं?" पर्सेंटाइल त्यांना दशांश चिन्हापुढच्या आकड्यांसकट पाठ असतो. मागच्या वर्षीचा कटऑफ कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला असतो. कम्प्युटर की ईएनटीसी, यावर रात्रभर चर्चा झालेली असते. "या कॉलेजला चार वर्षांत घरातून किती पैसे जातील?" असं मी विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात.

त्यात त्यांची चूक नाही. हा आकडा एका जागी कुठेच मिळत नाही. शुल्क नियामक प्राधिकरण जे ठरवतं ते मुख्यतः शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. ते शोधलं तर सापडतं. हॉस्टेलचे दर कॉलेजला फोन करून विचारावे लागतात आणि फोन लागेलच असं नाही. मेस वेगळी, डिपॉझिट वेगळं, बस वेगळी. शिष्यवृत्तीतून काय सुटणार आणि काय नाही, हे जो तो आपल्या ऐकीव माहितीवर सांगतो. हे सगळं जोडून बेरीज करणं दहा-दहा हजारांची फी घेणाऱ्या काउन्सेलिंगवाल्यांनाही जमत नाही, कारण त्यांचा धंदा कटऑफवर चालतो.

एक हिशेब मांडते. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण आमच्याकडे येणाऱ्या पालकांना ते ओळखीचे वाटतील. समजा, पुण्याच्या एका खाजगी कॉलेजचं शिक्षण शुल्क १,१०,००० रुपये आणि विकास शुल्क १५,००० रुपये आहे. मुलगा ओबीसी प्रवर्गातला, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, म्हणून अर्धं शिक्षण शुल्क माफ. राहिले ५५,०००. त्यात विकास शुल्काचे १५,०००, हॉस्टेलचे ७०,००० आणि दहा महिन्यांच्या मेसचे ३५,०००. वर्षाला १,७५,००० झाले, चार वर्षांचे सात लाख. पुस्तकं, लॅपटॉप, सुट्टीत गावी येण्याजाण्याची एसटी अजून यात धरलेली नाही.

त्याच जागेवर त्याची बहीण गेली तर? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला की लाभ मिळतो. हा फार मोठा निर्णय आहे. मुलीला बारावीनंतर गावातच बीएला घालू म्हणणारे बाप त्यामुळे इंजिनीअरिंगचं नाव काढू लागले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्यांना वाटतं की 'मोफत' म्हणजे खर्च नाही. वरच्या हिशेबात त्या मुलीलाही विकास शुल्क, हॉस्टेल आणि मेस मिळून वर्षाला १,२०,००० रुपये लागतात. डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेलेल्या वर्षी हा आकडा ऑगस्टमध्ये, कॉलेजच्या खिडकीसमोर उभं असताना कळला, तर बाप काय करतो? सोनं गहाण टाकतो किंवा मुलीला परत घेऊन येतो. दोन्ही प्रकार आमच्या गावात झालेले आहेत.

तोवर वेळ निघून गेलेली असते. कारण पहिल्या फेरीत ऑप्शन फॉर्मवरचा पहिला पर्याय मिळाला की ती जागा घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून उमेदवार बाहेर. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, जागा अडवून ठेवणं थांबायलाच हवं. पण जो पर्याय मिळाला की नाकारता येत नाही, त्याची किंमत तो भरण्याआधी समोर असली पाहिजे. चार वर्षांचे सात लाख हा आकडा आधी दिसला असता तर कराडच्या शासकीय किंवा सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातली थोडी कमी मागणीची ब्रँच काहींनी नक्की वर टाकली असती. काहींनी घरून एसटीने जाता येईल असं कॉलेज निवडलं असतं. आणि काहींनी सगळं माहीत असूनही पुणंच निवडलं असतं, पण मग प्रवेशाआधीच बँकेत जाऊन कर्जाची फाइल टाकली असती. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. आपलं कुटुंब त्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे प्रवेश झाल्यावर कळून उपयोग नाही.

म्हणून मागणी एकच आहे. ऑप्शन फॉर्मवर प्रत्येक कॉलेजच्या चॉइस कोडसमोर एक रकाना वाढवा : 'तुम्हाला पहिल्या वर्षी येणारा खर्च' आणि त्याखाली 'चालू दराने चार वर्षांचा खर्च'. त्यातच 'प्रवेशाच्या दिवशी भरायची रक्कम' वेगळी दाखवा, कारण महाडीबीटीची शिष्यवृत्ती मंजूर होऊन जमा होईपर्यंत महिने जातात आणि "आधी भरा, आली की परत देऊ" हे उत्तर आमच्या मुलांना अजून ऐकावं लागतं.

हे अवघड नाही. मुलाचा प्रवर्ग, मुलगा की मुलगी, घरचं उत्पन्न, हे सगळं उमेदवाराने तुमच्याच अर्जात आधी भरलेलं असतं. दाखलेही तपासून झालेले असतात. मंजूर शुल्क शासनाच्याच प्राधिकरणाकडे आहे. उरतात हॉस्टेल, मेस, बस आणि डिपॉझिट. हे दर प्रक्रियेत सामील होणाऱ्या प्रत्येक कॉलेजने आधी जाहीर करावेत आणि जाहीर केलेल्या दरापेक्षा त्या वर्षी एक रुपयाही जास्त घेऊ नये, एवढी अट घाला. ज्यांचं हॉस्टेल नाही त्यांच्या नावापुढे 'हॉस्टेल नाही' असं स्पष्ट छापा. डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, स्वाधार यांसारख्या योजनांत उमेदवार बसत असेल तर तेही त्याच ओळीत दिसू द्या. आज या योजनांची नावं आमच्या मुलांना सेतू केंद्रातल्या माणसाकडून कळतात, तीही त्याला आठवली तर.

हॉस्टेल आणि जेवण हा संस्थेचा खाजगी मामला आहे, असं कुणी म्हणेल. पण कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. फी माफ करून खेड्यातलं पोर शिकत नाही, त्याला शहरात झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचं कामही वसतिगृहांभोवतीच वाढलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं ते वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी. ज्या राज्याला हा वारसा आहे, तिथे शिक्षणाचा खर्च मोजताना राहणं-खाणं बाजूला ठेवता येणार नाही.

दुसरी गोष्ट १९८३ ची. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यामुळे इथली हजारो मुलं बाहेरच्या राज्यांत देणगी भरून जायची थांबली, खेड्यांतून इंजिनीअर झाले. त्याच निर्णयाने खर्चाचा भार सरकारी तिजोरीवरून घरांवर आला. पुढे देणग्या रोखायला १९८७ चा कायदा आला, प्रवेश आणि शुल्क नियंत्रित करायला २०१५ चा. या कायद्यांनी जादा पैसे घेणाऱ्याला चाप बसवायचा प्रयत्न केला. पैसे देणाऱ्याला पुरी बेरीज आधी दाखवण्याचं काम मात्र राहून गेलं, आणि ते तुमच्या कक्षाला करता येण्याजोगं आहे.

पुढच्या वर्षीची माहिती पुस्तिका काढण्यापूर्वी हा निर्णय घ्या. पहिल्या फेरीचे पर्याय भरायला सुरुवात होईल त्या दिवशी हा रकाना फॉर्मवर असावा, एवढीच विनंती.

आपली,
एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षिका