न झिजलेल्या टायरचे वय

उत्तर अमेरिकेत ऑक्टोबर सरत आला की एक मोठे स्थलांतर सुरू होते. कॅनडातील ओंटारिओ व क्युबेक प्रांतांतून आणि अमेरिकेतील मिशिगन, ओहायो, मिनेसोटा या राज्यांतून असंख्य निवृत्त दांपत्ये दक्षिणेची वाट धरतात. कोणी फ्लॉरिडाला जाते, कोणी टेक्सासच्या रिओ ग्रँड खोऱ्यात, तर कोणी ॲरिझोनातील युमा वा क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटी प्रदेशात. हिवाळा टाळणाऱ्या या मंडळींना तेथे ‘स्नोबर्ड्स’ म्हणजे हिमपक्षी म्हटले जाते. त्यांच्यापैकी अनेकांचे बिऱ्हाड त्यांच्या मागोमाग चाकांवरून येत असते. शयनगृह, स्वयंपाकघर व स्नानगृह असलेला हा ट्रेलर पुष्कळदा आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेला असतो. त्याची सारी सुरक्षितता मात्र चार टायरांवर अवलंबून असते.

या टायरांविषयी एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. असा ट्रेलर वर्षातून दोन मोठे प्रवास करतो व उरलेले महिने उभा असतो. साहजिकच पाच-सहा वर्षांनंतरही टायरवरच्या खाचा शाबूत दिसतात आणि मालक समाधानाने म्हणतो, “अजून निम्मेही झिजलेले नाहीत.” परंतु ट्रेलरचे टायर झिजून निकामी होण्याआधीच बहुधा वयाने निकामी होतात. त्यांचे आयुष्य किलोमीटरऐवजी वर्षांत मोजणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

यामागचे कारण रबराच्या घडणीत आहे. हवेतील प्राणवायू व ओझोन, तसेच सूर्याचे अतिनील किरण रबराला हळूहळू कडक व ठिसूळ करतात. हे टाळण्यासाठी रबरात संरक्षक द्रव्ये व मेण मिसळलेले असते. टायर फिरताना लवतो, तेव्हा ही द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरला हे संरक्षण पुरेसे मिळत नाही. शिवाय सारा भार महिनोन्‌महिने एकाच जागी पडतो. बाजूवर बारीक भेगा दिसतात, पण आतील थरांची पकड सुटू लागली तरी ती डोळ्यांना दिसत नाही.

टायरचे वय जाणणे मुळीच अवघड नाही. त्याच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार अंक असतात. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. खाचा कशाही असोत, ट्रेलरचे टायर साधारणतः तीन ते सहा वर्षांत बदलावेत, असाच जाणकारांचा सल्ला असतो. स्टेपनीचेही वय वाढतच असते, हे विसरता कामा नये. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरांवरही आठवडा व वर्ष दर्शविणारे असेच चार अंक असतात. इमारतीच्या आवारात महिनोन्‌महिने उभ्या असणाऱ्या मोटारीच्या मालकांनीही ते एकदा वाचावेत.

दुसरा प्रश्न हवेचा. जुलैत ३० अंश सेल्सिअसला भरलेली ६५ पौंड हवा नोव्हेंबरच्या शून्य अंशाच्या पहाटे, कोठेही गळती नसताना, सुमारे ५७ पौंडांवर येते. कमी हवेचा टायर अधिक दबतो, दबल्याने तापतो आणि वयस्कर रबर नेमके उष्णतेपुढेच हार मानते. म्हणून निघण्यापूर्वी व पुढे रोज सकाळी, चाके थंड असतानाच हवा तपासावी. धावून तापलेल्या टायरातील वाढलेली हवा मात्र कधीही काढू नये. ती थंड होताच कमी पडते.

येथे कायद्याचीही एक उणीव दिसते. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्याच वर्षी झालेल्या कायद्यामुळे १ सप्टेंबर २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या मोटारीत हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक झाली. हा नियम ट्रेलरला मात्र लागू नाही. वास्तविक गरज तेथेच अधिक आहे. मोठ्या ट्रेलरना बहुधा प्रत्येक बाजूस दोन चाके असतात. एका टायरची हवा गेली की भार शेजारच्या टायरवर येतो, आणि पुढे बसलेल्या चालकाला ते जाणवतही नाही. हा नियम ट्रेलरपर्यंत नेणे उचित ठरेल. तोवर मालकांनी ही यंत्रणा स्वतःहून बसवून घ्यावी.

निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांनी चांगले दिसणारे टायर फेकून का द्यावेत, असा आक्षेप घेतला जाईल. काटकसर हा सद्‌गुण खराच आणि एकरकमी खर्च वृद्धांना जड जातो, हेही खरे. परंतु व्यवहाराच्या जगात यावर जुनाच उपाय आहे. यंत्र बंद असले तरी हिशेबात त्याचा घसारा धरला जातो. समजा चार टायरांना १,००० डॉलर लागतात व ते पाच वर्षे वापरायचे आहेत. तर दरवर्षी २०० डॉलर वेगळे ठेवावेत. मुदत भरली की पैसा तयार असतो आणि निर्णय घेताना मन कचरत नाही. याउलट, फुटलेल्या टायरच्या पट्ट्यांनी ट्रेलरचा तळ, वायुनलिका वा विजेच्या तारा फाटल्या, तर वाचविलेल्या रकमेच्या कित्येक पटींनी खर्च येतो. भर महामार्गावर जिवावर बेतले, तर त्या हानीची भरपाई कोणत्याच रकमेने होत नाही.

वस्तू वापरली नाही म्हणजे ती जपली गेली, असे मानण्याची सवय केवळ हिमपक्ष्यांनाच आहे असे नाही. दक्षिणेच्या प्रवासास निघणाऱ्यांनी सामानाची यादी करण्याआधी टायरवरील ते चार अंक वाचले, तर निवृत्तीच्या काळातील हा आनंद अधिक निर्धास्तपणे उपभोगता येईल.